अखंड वीस मिनिटं

माझ्या नवऱ्याला हे माहीत नाही. मुलीला माहीत नाही. आईला कदाचित माहीत असावं, पण तिने कधी विचारलं नाही आणि मी कधी सांगितलं नाही. बाबांना माहीत नव्हतं, आणि आता ते नाहीत. ऐकणारे तुम्ही पहिले.

मी बावीस वर्षं लखनौच्या एका हिंदी दैनिकात काम करते आहे. आधी वार्ताहर होते, आता डेस्कवर आहे. दुसऱ्यांनी लिहिलेलं तपासायचं, हे माझं काम. किती वाजता, कुठे, कुणासमोर, कोण काय म्हणालं — हे विचारल्याशिवाय मी मजकूर पुढे सोडत नाही. तेव्हा हेही त्याच क्रमाने सांगायचा प्रयत्न करते. जमेल का, माहीत नाही. याआधी तीनदा सुरू करून सोडलं आहे.

गोष्ट एका गाडीची आहे. म्हणजे — गाडीची नाही. पण सुरुवात तिथूनच करावी लागेल.

बाबा मूळचे अकोल्याचे. रेल्वेत इंजिनीयर म्हणून लखनौला आले आणि निवृत्तीनंतरही इथल्या महानगर नावाच्या वस्तीतल्या घरातच राहिले. त्यांच्याकडे एक पांढरी अ‍ॅम्बॅसडर होती. माझ्या शाळेपासूनची. तिचं सगळं काम शराफतभाई करत. जवळच्याच कपूरथला बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं वर्कशॉप होतं, आणि तीस वर्षांत त्या गाडीचं बॉनेट तिसऱ्या कुणी उघडलेलं मला आठवत नाही. बाबा त्यांना ‘उस्ताद’ म्हणत, ते बाबांना ‘साहब’. दोघांचं बोलणं म्हणजे एकमेकांची खोडी काढणं.

“साहब, तीस बरस हो गए, आपकी हिंदी अब भी अकोला से पैदल आ रही है.”

“और तुम दस बजे बोलके बारा बजे आते हो, उस्ताद. मेरी हिंदी तुमसे पहले पहुँचेगी.”

हे दर वेळी. शब्द थोडे इकडेतिकडे. आई आतून म्हणायची, “झालं यांचं सुरू.”

पाच वर्षांपूर्वी त्या गाडीचा कॅमशाफ्ट झिजला. हे समजावून सांगायला हवं, कारण पुढचं सगळं यावर आहे. इंजिनाच्या पोटात एक दांडा असतो. त्यावर अंड्याच्या आकाराचे उंचवटे असतात. दांडा फिरतो, उंचवटे टॅपेट नावाच्या छोट्या धातूच्या तुकड्यांना वर ढकलतात आणि इंजिनाच्या झडपा उघडतात. उंचवटे झिजले की झडपा पुऱ्या उघडत नाहीत. गाडी ओढत नाही, खोकते. लोक म्हणाले, विकून टाका. बाबांनी कानपूरच्या एका जुन्या दुकानातून नवा कॅमशाफ्ट आणि नवे टॅपेट शोधून आणले. रेल्वेच्या वर्कशॉपमधल्या जुन्या सहकाऱ्याकडून त्याचा कठीणपणा तपासून घेतला. मग शराफतभाईंच्या हाती दिला.

नवा कॅम बसवल्यावर इंजिन पहिल्यांदा सुरू होतं, ती वीस मिनिटं फार नाजूक असतात. उंचवटा आणि टॅपेट, दोन्ही कोरे. त्यांचे पृष्ठभाग एकमेकांवर घासून, दबून एकदा बसावे लागतात. तिथे तेल पोचतं ते फक्त उडून, खालचा मोठा दांडा वेगाने फिरून शिंतोडे उडवतो तेव्हा. म्हणून ती वीस मिनिटं इंजिन मिनिटाला दोन हजार फेऱ्यांच्या खाली येऊ द्यायचं नाही. संथ चालू द्यायचं नाही. शिंतोडे कमी पडले, तर कोरा धातू कोऱ्या धातूवर खरवडतो. एकदा वरचा थर गेला की गेला. बाहेरून काहीच कळत नाही. काही आठवड्यांनी कळतं.

शराफतभाई हे पायाने करत. स्क्रू पिळून वेग एका जागी धरून ठेवणं त्यांना मान्य नव्हतं. दोन हजार ते अडीच हजार, खाली-वर, सारखं हलतं ठेवायचं, म्हणजे तेल सगळीकडे उडेल. बाबांच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. त्यांच्याने पेडल दाबून बसणं होत नव्हतं. शराफतभाईंना इंजिनाजवळ उभं राहून गळती आणि तेलाचा दाब बघायचा होता.

म्हणून पाय माझा.

मे महिन्यातला शुक्रवार होता. माझी साप्ताहिक सुट्टी. मी तेव्हाही, आतासारखीच, शहराच्या दुसऱ्या भागात इंदिरानगरला राहत होते. सकाळी नऊला महानगरात पोचले, तर बाबांनी पोर्चमध्ये रेडिएटरसमोर घरातला मोठा पंखा उभा केला होता. बाजूच्या सीटवर फेऱ्या मोजायचं मीटर ठेवलं होतं. स्टुलावर त्यांची लांबट वही. रेल्वेची सवय, गाडीचं प्रत्येक काम ते त्या वहीत लिहून ठेवत. आईने हे सगळं पाहिलं आणि म्हणाली, “माझ्या बाळंतपणात एवढी तयारी नव्हती.”

शराफतभाईंनी आदल्या दिवशी कॅम बसवताना प्रत्येक उंचवट्याला काळा घट्ट लेप लावला होता. हा लेप पहिल्या काही क्षणांत धातूला सांभाळतो. त्यांनी तो बोटाने लावला होता, आणि अजून त्यांच्या उजव्या तर्जनीच्या नखात काळं होतं. ते मी पाहिलं. हे लक्षात ठेवा. मी ते पाहिलं होतं.

बारा पस्तीसला इंजिन सुरू झालं. पहिल्याच फटक्यात. शराफतभाईंनी हात वर केला, मी पेडल दाबलं, मीटरचा काटा बावीसशेवर गेला. आवाज एवढा की पोर्चच्या जाळ्या थरथरत होत्या. दोघं म्हातारे इंजिनावर वाकून एकमेकांच्या कानात ओरडत होते आणि हसत होते. बाबांना एवढं खूश मी पुष्कळ दिवसांत पाहिलं नव्हतं.

आठ मिनिटांनी शराफतभाई माझ्या खिडकीशी आले. जुम्म्याच्या नमाजाची वेळ झाली होती. दाब ठीक होता, गळती नव्हती. “बिटिया, बारह मिनट और. पैर मत हटाना. कुछ भी हो जाए.” मी मान हलवली. ते गेले. दोन मिनिटांत आई दारात आली. बाबांच्या इन्शुलिनची वेळ. बाबा ऐकेनात. आई म्हणाली, “अच्छा, मग गाडीलाच टोचा सुई.” बाबा आत गेले.

बारा सेहेचाळीसला माझा फोन वाजला. ऑफिस.

त्या दिवशीच्या अंकात माझी एक बातमी होती. त्यात एका अधिकाऱ्याचं पद मी चुकीचं लिहिलं होतं. साधी चूक. पण त्या अधिकाऱ्याने फोन केला होता आणि उद्याच्या अंकात दुरुस्ती छापायची होती. इंजिनाच्या आवाजात मला काही ऐकू येईना. मी दोनदा ‘हॅलो’ म्हटलं. आणि मग —

मी पाय उचलला.

इंजिन खाली आलं. बंद नाही पडलं. संथ, गोड, एकसारखं चालू लागलं. इतकं सुरेख चालत होतं की काही वाईट होतंय असं वाटण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. मी दार उघडून फाटकापर्यंत गेले आणि कडुनिंबाखाली उभी राहून चार ओळींची दुरुस्ती सांगितली. मग एक शब्द बदलला. मग पूर्ण परत वाचून घेतली. मी अशी कामं नीट करते.

सात मिनिटं. हा अंदाज नाही. फोनमध्ये कॉलची नोंद होती. ती मी नंतर पाहिली, आणि पुढचे कित्येक महिने पुन्हापुन्हा पाहिली.

मला नियम माहीत नव्हता का? माहीत होता. विसरले का? नाही. फाटकाशी उभी असताना मला मागून तो संथ आवाज ऐकू येत होता. मला वाटलं, एवढ्याने काय होतंय. ऑफिसला ‘दहा मिनिटांत करते’ म्हणणं शक्य होतं. ते मी म्हटलं नाही, एवढंच.

मी परत येऊन बसले, पाय दाबला. तीन मिनिटांनी बाबा हात पुसत बाहेर आले. रेल्वेच्या वर्कशॉपने त्यांचे कान अर्धे नेले होते, आणि जेवणाच्या खोलीत कूलर चालू होता. त्यांना काही कळलेलं नव्हतं. त्यांनी खिडकीतून डोकं आत घातलं. “खाली नाही ना आलं मधे?”

“नाही, बाबा.”

“पूर्ण वीस?”

“पूर्ण.”

त्यांनी वही उघडली आणि उभ्याउभ्याच लिहिलं. ती वही माझ्याकडे आहे. त्यांचं अक्षर बारीक, सरळ. ‘पहिली सुरुवात १२.३५. अखंड वीस मिनिटे, २००० ते २५००. पेडलवर चि. मंजिरी.’

अखंड. हा शब्द त्यांनी स्वतःहून लिहिला. माझ्या एका ‘नाही’च्या भरवशावर.

संध्याकाळी आई भाजी निवडताना म्हणाली, “मधे जरा आवाज शांत झाला होता ना गं, तेवढंच बरं वाटलं.” मी तिच्याकडे पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं. मग तिने निवडलेली गवार वाडग्यात लोटली आणि दुसरंच काही बोलायला लागली.

इथपर्यंत हे खोटं लहान होतं. मी उगाच लहान म्हणत नाही. इथे थांबलं असतं तर एक कॅमशाफ्ट वाया गेला असता आणि मी आज हे लिहीत नसते.

तीन आठवड्यांनी इंजिनातून टिकटिक येऊ लागली. बाबांनी तेल काढलं. ट्रेमधल्या तेलात बारीक चमक होती, चांदीची पूड मिसळावी तशी. त्यांनी लोहचुंबक फिरवलं, तर ती पूड त्याला चिकटून वर आली. शराफतभाई आले. इंजिनाच्या बाजूची झाकणं काढली, टॅपेट बाहेर घेतले. आठांपैकी दोनांचे तळ वाटीसारखे खोल गेले होते.

रविवार होता. मी तिथे होते. पोर्चमध्ये, दोघांपासून चार फुटांवर.

बाबा रेल्वेचे. काही बिघडलं की ते कारणांची यादी करत आणि एकेक खोडत. धातू खराब? नाही, तपासलेला. तेल? योग्य. मग उरलं काय? पहिली वीस मिनिटं, किंवा लेप.

शराफतभाई माझ्याकडे वळले. त्यांच्या आवाजात आरोप नव्हता. त्यांना फक्त समजून घ्यायचं होतं. “बिटिया, बीच में धीमी तो नहीं हुई थी? एकाध मिनट को भी?”

तुम्हाला वाटेल, इथे तरी. मलाही दरवेळी वाटतं. मनातल्या मनात मी या जागी शेकडो वेळा ‘हो’ म्हटलंय.

“नहीं, चाचा,” मी म्हणाले. “एक बार भी नहीं.”

आणि बाबा म्हणाले, अभिमानाने म्हणाले, “उस्ताद, मेरी बेटी अख़बार में है. घड़ी देखके बोलती है.”

यादीत एकच गोष्ट उरली होती. शराफतभाईंनी सुताच्या बोळ्याने हात पुसले. मग उजवा हात समोर धरून बघितला, उलटा-सुलटा, कुणा दुसऱ्याचा असल्यासारखा. मला वाटलं ते भांडतील. मी भांडणाची तयारी केली होती. ते म्हणाले, “मुझे तो याद है कि लगाया था.” थांबले. “मगर आप दोनों कह रहे हैं तो... हो सकता है दो जगह रह गया हो. उम्र हो गई, साहब. हाथ भूल गया होगा.”

मी त्यांच्या नखातलं काळं पाहिलं होतं. सांगितलं होतं ना, लक्षात ठेवा?

बाबा रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते हळुवारपणे म्हणाले, “होता है, उस्ताद.” शराफतभाई म्हणाले, दुसरा कॅम आणा, मी पुन्हा बसवतो, या वेळी तुमच्या डोळ्यांसमोर लेप लावतो. बाबा म्हणाले, “रहने दो अब.” तितक्याच हळुवारपणे. गाडीवर खाकी कव्हर चढलं आणि ते पुन्हा उतरलं नाही.

यानंतरचं मला तुकड्यातुकड्यांनी कळलं. शराफतभाई पुरं झालेलं काम पुन्हा उघडून बघायला लागले. बसवलेलं हेड परत खोलायचं, बोल्ट मोजायचे, परत बसवायचं. गिऱ्हाइकं थांबून थांबून कंटाळली. एकदा त्यांनी बाबांना फोन केला, की साहब, परवा तुम्ही वर्कशॉपमध्ये बसला होतात, तेव्हा मी त्या जीपचा तेलाचा बूच घट्ट केला होता ना? बाबा म्हणाले, केला होता, मी पाहिलं. फोन ठेवून बाबांनी चष्मा काढून पुसला. मी शेजारीच होते.

वर्षभरात शराफतभाईंनी इंजिनाचं काम घेणं सोडलं. मग वर्कशॉप पुतण्याच्या हाती देऊन ते जुन्या लखनौतल्या चौक भागात लेकीकडे राहायला गेले. ‘अपने हाथ का भरोसा नहीं रहा,’ असं ते सगळ्यांना सांगत. अगदी मोकळेपणाने. ज्या माणसाच्या बोटांना काय केलं ते आठवत होतं, त्याला मी आणि माझ्या घड्याळाने पटवलं होतं, की त्याची बोटं खोटं सांगतात.

आता कदाचित तुम्ही म्हणाल की सात मिनिटांमुळेच कॅम गेला हे सिद्ध कुठे झालंय? हा मुद्दा मीही बरीच वर्षं जवळ बाळगला. तो बरोबर आहे. आणि त्याचा इथे काही संबंध नाही. त्यांनी विचारलं होतं की गाडी धीमी झाली होती का. झाली होती.

दोन वर्षांनी, जानेवारीत, बाबा गेले. शेवटच्या आठवड्यात एका दुपारी त्यांनी गाडीच्या जागेकडे बघत म्हटलं, “शराफतला मी तसं बोलायला नको होतं. पण त्याचं चुकलं होतं, मग मी दुसरं काय म्हणणार?” मी त्यांच्या पायावरची रजई सारखी केली. खोलीत आम्ही दोघंच होतो. कूलर नव्हता, पंखा नव्हता, इंजिन नव्हतं. माझं सगळं त्यांना ऐकू आलं असतं.

तेराव्याला शराफतभाई आले. चौकातून रिक्षाने, एकटे. आत आले नाहीत. पोर्चमध्ये गाडीजवळच्या खुर्चीवर बसले आणि कव्हरवरून बॉनेटवर हात ठेवला. मी चहा नेऊन दिला. ते गाडीबद्दल बोलत राहिले. कोणत्या वर्षी क्लच बदलला, कोणत्या झडपेला किती फट ठेवावी लागते, रेडिएटर कुठे जोडलाय. एकही गोष्ट चुकली नाही. बाबांच्या वहीशी मी नंतर ताडून पाहिलं. एकही नाही.

मग कप खाली ठेवून त्यांनी विचारलं. आणि जे आजवर कुणाला सांगितलं नाही, ते खरं तर हे आहे. पाय उचलला, ते नव्हे. पोर्चमधलं ‘नहीं’, तेही नव्हे.

ते म्हणाले, “बिटिया, साहब ने मुझे माफ़ कर दिया था न?”

बाबा तेव्हा नव्हते. ज्याला वाचवण्यासाठी खोटं बोलावं, असं कुणी उरलं नव्हतं. जिच्यासमोर मला माझी लाज राखायची होती अशी एकही व्यक्ती त्या पोर्चमध्ये नव्हती. एक म्हातारा माणूस होता, आणि त्याने कधी न केलेल्या चुकीची माफी तो माझ्याकडे मागत होता.

मी म्हणाले, “हाँ, चाचा. कर दिया था.”

त्यांनी डोळे मिटले. माझ्या डोक्यावर हात ठेवला, तोच उजवा हात, आणि म्हणाले, “जीती रहो.” मग ते उठले, फाटकापर्यंत गेले, फाटकाची कडी लावली. दोन पावलं गेले. परत आले, कडी लागलीय का ते बघितलं, आणि गेले.

ते अजून आहेत. चौकात, लेकीच्या घरी, गल्लीच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसतात. आमच्या घरापासून मेट्रो आणि रिक्षा धरून पाऊण तास. मी मागच्या वर्षी दोनदा त्या गल्लीपर्यंत जाऊन आले. एकदा त्यांनी मला पाहिलंही, हाक मारली, कुलचे खायला बसवलं. मी खाल्ले. परत आले.

आमच्या धंद्यात एक नियम आहे. चूक ज्या पानावर छापली गेली, दुरुस्ती त्याच पानावर छापायची. त्याच वाचकांसमोर, त्याच भाषेत. बावीस वर्षं मी तो पाळला आहे, आणि आता इतरांकडूनही पाळून घेते.

माझी चूक लखनौच्या एका पोर्चमध्ये, एका माणसासमोर, हिंदीत झाली होती. हे मी मराठीत लिहिलं आहे. शराफतभाईंना मराठी येत नाही. लिहायला बसताना मला ते माहीत होतं.